वीस पावलांवरून

“लाव!” गाडीच्या मागे वीस पावलं मोजून उभे राहिलेले भास्करराव ओरडले.

“लावलाय!” गाडीत बसलेल्या निरुपमाबाईंनी आतून सांगितलं.

“अगं, उजवा लाव म्हणतोय मी!”

“अहो, उजवाच लावलाय. टिकटिक चाललीय इथे.”

भास्कररावांनी कपाळावर हात आडवा धरला. समोर त्यांची सोळा वर्षांची पांढरी गाडी, पलीकडे सोसायटीचं फाटक आणि गाडीच्या पाठीवर दहाचं रखरखीत ऊन. उजवा दिवा काही केल्या दिसेना. ते पाच पावलं पुढे सरकले, मग आणखी पाच, मग आणखी. डिकीला नाक लागायची वेळ आली तेव्हा कुठे फिकट काचेच्या आत काहीतरी मिणमिणताना दिसलं.

तीन आठवडे ते साऱ्या सोसायटीला ठणकावून सांगत होते. फाटकात वळताना आपण उजवीकडचा सिग्नल दिला होता, तो लख्ख दिसत होता, आणि तरीही शेजारच्या लक्ष्मीकांतांची लता मागून मोपेडवर आली ती थेट गाडीच्या दारावर आदळली. पोरीचा हात मोडला याचं वाईट वाटतं, पण चूक तिचीच. लता मात्र सिग्नल दिसलाच नाही म्हणत होती. शेवटी काल जिन्यात सगळ्यांदेखत भास्कररावांनीच लक्ष्मीकांतांना सुनावलं होतं, “उद्या अकराला या. तीच जागा, तेच ऊन. स्वतःच्या डोळ्यांनी बघा.”

“दिसतोय का?” निरुपमाबाईंनी विचारलं.

“दिसतोय,” भास्करराव खेकसले. “बंद कर.”

ते तरातरा घरात गेले आणि स्क्रूड्रायव्हर, पॉलिशपेपर, जुना टूथब्रश आणि दंतमंजनाचा डबा घेऊन आले. चौतीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलेला माणूस. दिवा मंद का झाला हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. बल्बची बैठक गंजली होती. बल्ब आतून काळवंडला होता. त्याच्यामागचा चंदेरी मुलामा पापुद्र्यांनी सुटला होता आणि बाहेरची काच उन्हाने पार आंधळी झाली होती. एवढं सगळं आपल्याच गाडीत, आणि ते इतकी वर्षं आपल्याला दिसू नये याचाच त्यांना जास्त राग आला.

गंज खरवडताना एक स्क्रू हातातून निसटला आणि गाडीखाली गेला. गुडघे टेकून तो शोधता शोधता त्यांनी मनातल्या मनात उन्हाला, गाडीला आणि लक्ष्मीकांतांना यथेच्छ शिव्या घातल्या. स्वतःला घालायच्या तेवढ्या राहिल्या.

“अहो, दिसत होता ना? मग हे काय चाललंय?” निरुपमाबाई खिडकीतून मान बाहेर काढून म्हणाल्या.

“साफसफाई.”

मुलामा उडालेल्या जागी त्यांनी चहाच्या पाकिटातला चंदेरी कागद नीट चिकटवला. काच दंतमंजनाने घासघासून निवळली. जुना बल्ब सदऱ्याच्या खिशात टाकला आणि डिकीत कधीचा पडून असलेला नवा बसवला.

“लाव!”

दिवा असा काही पेटला की मागून येणारी रिक्षा करकचून थांबली. “वळवुं होय तो वळो ने, काका!” वळायचं तर वळा की, असं रिक्षावाला वैतागून गुजरातीत ओरडला आणि बाजूने निघून गेला. भास्कररावांना इतकं बरं तीन आठवड्यांत वाटलं नव्हतं.

अकराच्या ठोक्याला लक्ष्मीकांत आले. मागून लता, प्लॅस्टरमधला हात गळ्यात अडकवून. ती कुणाला न विचारता बरोबर त्या जागेवर जाऊन उभी राहिली. तिला पावलं मोजावी लागली नाहीत.

“लाव,” भास्करराव म्हणाले.

नारिंगी दिवा भर उन्हात उघडझाप करू लागला. लक्ष्मीकांतांनी तो पाहिला आणि त्यांचा चेहरा उतरला.

“माफ करा, सर. पोरीच्या बोलण्यावर विसंबलो मी.” मग ते लताकडे वळले. “एवढा ढळढळीत दिवा दिसला नाही तुला? बस झालं आता. मोपेड उद्याच विकतो. आणि मोपेडवरून जातेस ती अलकापुरीतली नोकरीही राहू दे.”

“बाबा, त्या दिवशी नव्हता दिसत ने!”

“पुन्हा तेच?”

लता दिव्याकडे नाही, भास्कररावांकडे बघत म्हणाली, “सर, तुम्ही सांगा ने. होता दिसत?”

सातवीपासून दहावीपर्यंत ती त्यांच्याच वर्गात होती. भास्कररावांनी घसा खाकरला.

“मी सिग्नल दिला होता,” ते म्हणाले. हे शंभर टक्के खरं होतं.

“ऐकलंस?” लक्ष्मीकांत म्हणाले. लताने मान खाली घातली.

“बंद कर गं आता,” भास्कररावांनी गाडीकडे बघून हाक दिली.

दिवा चालूच राहिला.

“अगं, बंद कर म्हणतोय ना!”

गाडीचं दार उघडलं. निरुपमाबाई खाली उतरल्या, लताच्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या आणि त्यांनी नवऱ्यापुढे हात पसरला.

“खिशातला जुना बल्ब द्या इकडे,” त्या म्हणाल्या. “आता तो लावून बघू.”