फेरिकमधली पाटी

"ह्यो काळा चहा कशाला वतलाय टबात?" सिद्रामनं वाकून विचारलं.

महादेव हसला. पाट्या बनवायच्या त्याच्या दुकानात हा म्हातारा निपाणीहून सकाळच्या गाडीनं आला होता आणि अर्धा तास झाला, एकेक वस्तू विचारून घेत होता. पोराच्या दवाखान्याची पाटी आज होणार, म्हणून पोराला न सांगताच बघायला आलेला.

"चहा न्हवं, आप्पा. फेरिक म्हणत्यात ह्येला. लोखंडाचं मीठ. धूर न्हाय, वास न्हाय, पण पितळ गप-गुमान खातंय. रंगाला तेवढं तोंड लावत न्हाय. पण रंगात केसाएवढी फट गावली, तर तिथनंबी खातंय."

पाटी टेबलावर होती. सगळं पितळ काळ्या रंगानं झाकलेलं, अक्षरं तेवढी उघडी, पिवळीधमक. 'डॉ. दीपंकर सिद्राम कांबळे, दंतवैद्य'. उघडं आहे ते फेरिक खाणार आणि अक्षर कायमचं खोल बसणार, हे सिद्रामनं दोनदा विचारून घेतलं होतं. तीस वर्षं वखारीत तंबाखू चाळला. हजेरीच्या वहीशिवाय त्याचं नाव कुणी कुठं लिहिलं नव्हतं. आता ते पितळेत बसणार होतं, तेही टिळकवाडीसारख्या बड्या लोकांच्या वस्तीत. त्याचा आनंद पोटात मावत नव्हता.

टेबलावरचा फोन वाजला. महादेवच्या हातात ओले रबरी मोजे होते.

"आप्पा, तेवढं हिरवं दाबा आणि स्पीकरवर टाका."

"पोराचाच हाय," म्हणत सिद्रामनं कौतुकानं बोट लावलं.

"महादेवअण्णा, पाटी बुडवली नाही ना अजून?" दीपंकर घाईत होता. "नाव बारीक करायचंय. नुसतं 'डॉ. दीपंकर सि.' ठेवा. कन्नडवाले लिहितात की तसं. कुणाला काही वाटणार नाही."

"आणि आडनाव?" महादेवनं सिद्रामकडं न बघता विचारलं.



"लोकांच्या तोंडात हात घालायचाय मला, अण्णा. आधीच्या जागेत दोघं पाटी वाचून पायरीवरनं परत गेले. झाकून टाका तेवढं. आणि आमच्या बाबांचा फोन आला तर काही बोलू नका. त्यांना मी सांगीन सवडीनं."

फोन बंद झाला. महादेव मोजे काढायचे म्हणून काढत राहिला.

"आज ऱ्हाऊ दे, आप्पा. दोन दिसांनी बोलतो म्या त्याच्याशी."

"नगो. म्या हितं आलतो म्हणूनबी सांगू नगासा." सिद्राम स्टूल ओढून टेबलाशी बसला. "रंग कुठं हाय?"

"म्या करतो की."

"पोराची पाटी हाय. आणा हिकडं."

त्यानं चष्मा पुसला आणि ब्रश हातात घेतला. आधी 'कांबळे' झाकलं. मग स्वतःच्या नावातला 'सि' ठेवून पुढची दोन अक्षरं. हात कुठं हलला नाही. राग कुणावर धरावा ते मात्र कळत नव्हतं. पोरावर तर धरवत नव्हता.

रंग वाळला तसा महादेवनं पुन्हा मोजे चढवले आणि पाटी घ्यायला हात पुढं केला. सिद्रामनं ती दिली नाही. दाराच्या उजेडात तिरकी धरून बराच वेळ बघितली.

"केसाएवढ्या फटीतनंबी खातंय म्हणालासा न्हवं?"

"व्हय."

"मग आणि एक हात मारतो," म्हणत त्यानं ब्रश परत डब्यात बुडवला. "काय दिसाय नगो."