पोटगीची भूक

कीर्तन आटोपून श्रीरंगबुवा दुपारच्या महाप्रसादाला बसले. चार वेळा लापशी घेतली, तरी पोट रितंच.

वाढपी हसला. "बुवा, पोट आहे का रांजण?"

बुवांचा हात बेंबीजवळच्या टिकलीएवढ्या यंत्रावर गेला. घटस्फोटानंतर न्यायालयाने ठरवलं होतं, की पोटगी पोटानेच द्यायची. लेक ओवी अठरा वर्षांची होईपर्यंत, ती जेवल्याशिवाय तिच्या बापाचं पोट भरणार नव्हतं.

त्यांनी फोन लावला.

"दूधभाताचं ताट वाढून तास झाला," त्यांची पूर्वीची बायको वैजयंती म्हणाली. "तुमचीच लेक, हट्टी! घ्या, बोला."

"ओवी, का गं जेवत नाहीस?"

"मी जेवले की तुम्ही फोनच करत नाही, बाबा."

आपलं पोट भरलं म्हणजे लेक सुखात, असं बुवा तीन वर्षं धरून चालले होते.

"मी येतो. एकत्र जेवू."

"नक्की? मग एकच घास खाते. वाटेत तुम्हाला चक्कर यायला नको."

बुवा देवळाच्या पायऱ्या उतरू लागले, आणि थांबलेल्या टाळांचा नाद रेंगाळावा तशी दूधभाताची ऊब त्यांच्या पोटात हळूहळू पसरत गेली.