आत्ता न्हाई

नांदेडच्या सभागृहात निवड समितीचे साहेब दोन तास उशिरा आले. तोवर किनवटच्या निवासी शाळेतली धम्मप्रिया पातळ पोशाखात एसीखाली बसून गारठली होती. तिचं नाव पुकारलं गेलं, तेव्हा तिला कसरती शिकवणाऱ्या सिंधुमॅडम कुजबुजल्या, "जा, घे सांभाळून." पोटावर झोपून पाय पाठीवरून पुढे आणायचे आणि डोक्यासमोर टेकवायचे, एवढंच करून दाखवायचं होतं, राज्याचा संघ त्यावरच ठरणार होता. धम्मप्रिया मंचावर गेली आणि माईक हातात घेऊन म्हणाली, "मी आत्ता न्हाई वाकणार. अंग गार पडलंय. असंच वाकले तर कंबर जाईल." सिंधुमॅडमचं तोंड उघडंच राहिलं. ही पोर आजवर त्यांच्यापुढे मान वर करून बोलली नव्हती. संयोजक धावत आले. "काय शिकवलंय हो हिला? साहेब बसून राहिलेत समोर!" "हेच शिकवलंय," मॅडम बोलून गेल्या. त्या मंचावर चढल्या. आता मार बसणार म्हणून धम्मप्रियाने डोळे मिटले. मॅडमनी तिला खाली बसवून तिचे गार पाय मांडीवर घेतले आणि चोळायला लागल्या. साहेब उठून गेले, त्यांच्यामागे पुढच्या खुर्च्याही रिकाम्या झाल्या. संघातली जागा गेली, हे दोघींनाही कळलं. मागचे लोक मात्र जागचे हलले नाहीत. दोघी मंचावरच उड्या मारत, हातपाय ताणत अंग तापवत राहिल्या. कपाळावर घाम आला तेव्हा धम्मप्रिया म्हणाली, "मॅडम, आता वाकते."