पटावरची एकोणीस

कपाटाचं दार तिसऱ्या हिसक्याला उघडलं आणि काळूराम सरांनी शेवटच्या वर्षाचं आठवीचं हजेरीपत्रक टेबलावर ठेवलं. गावातली सरकारी माध्यमिक शाळा बंद पडून चार वर्षं झाली होती. चाव्या मात्र अजून या निवृत्त मुख्याध्यापकांकडेच होत्या.

समोर रुचिका बसली होती. सकाळीच नागावहून गाडीने आली होती. फोनवर एवढंच म्हणाली होती, "सर, तुमच्या मुलांची माहिती हवी आहे."

चार वर्षांत असं कोणी विचारलं नव्हतं.

"पट एकोणीस," सर म्हणाले. "अकरा मुली, आठ मुलगे. सात आगरी, पाच बौद्ध, चार कातकरी, तीन मुस्लिम."

जातीचं तिने काहीच लिहून घेतलं नाही. सरांना ते आवडलं.

"दहावी किती जणांनी केली?"

"चौघांनी. पुढची शाळा खाडीपलीकडे. होडीने उतरायचं, मग तासभर चालायचं. बाकीच्यांना घरच्यांनी पाठवलंच नाही."

"म्हणजे पंधरा घरीच." आकडा लिहून तिने खाली रेघ मारली. "पोहता येतं त्यांना?"

होडीच्या काळजीने विचारतेय, असं सरांना वाटलं. "सगळ्यांना. दिपाली तर भरतीची खाडी पार करते. गणितात पैकीच्या पैकी घ्यायची. आता काकाच्या वाडीत सुपाऱ्या सोलते."

"हिंदी?"

"बोलतात, वाचतात. सतरा-अठरा वर्षांची आहेत, अजून वेळ गेलेली नाही."

"घरचे तुमचा शब्द मानतात?"

"मानतात."

जुना शिपाई सदा दारात येऊन उभा राहिला. "सर, शाला परत चालू व्हनार हाय का?"

सरांनी चष्मा पुसला, कोरा कागद घेतला आणि पंधराही नावं, पत्ते, फोन नंबर वळणदार अक्षरात लिहून काढले. दिपालीचं नाव सगळ्यांत वर.

रुचिकाने कागद जपून पर्समध्ये ठेवला आणि हात जोडले.

"फार उपकार झाले, सर. दिवाळीआधी आमचं रिसॉर्ट सुरू होतंय. सहा जण बोटींवर घेऊ, नऊ जणी खोल्या झाडायला. दहावी झालेले ते चौघं मात्र नकोत. शिकलेली मुलं टिकत नाहीत."