चिठ्ठीच्या तळाची ओळ

वकीलसाहेबांनी "सात वर्षं" म्हटलं, तशी सभागृहातली निम्मी डोकी वासंतीताईंकडे वळली.

"ज्याच्या जवळच्या माणसांना सात वर्षांत त्याची काहीच खबर लागली नाही, तो हयात नाही असं न्यायालय धरून चालतं," साहेब सावकाश म्हणाले. "नागरिक म्हणून कायदा माहीत असावा, एवढंच."

पहिल्या रांगेत मांडीवर चिठ्ठ्यांची पेटी घेऊन बसलेल्या ताईंनी पदर सारखा केला आणि पुढचं ऐकू लागल्या.

विद्यापीठाच्या उपकेंद्रातली ही लोकव्याख्यानमाला त्यांच्या नवऱ्यानं, उद्धव सरांनी सुरू केलेली. सर लोकप्रशासन शिकवायचे. त्यांचा दंडक असा, की व्याख्यान झालं की प्रश्न तोंडी विचारायचा नाही. चिठ्ठीवर लिहून पेटीत टाकायचा. मग विद्यार्थ्यांनी ती चिठ्ठी घेऊन ज्या त्या कचेरीत जायचं आणि उत्तर आणायचं. कुणाच्या गावची पाण्याची टाकी, कुणाचं राशनकार्ड.

येत्या चैत्रात सरांना बेपत्ता होऊन सात वर्षं पुरी होत होती. मोटारसायकल सिद्धेश्वर धरणाच्या भिंतीशी सापडली, सर नाहीत. चार दिवस पाणी धुंडाळलं, हाती काही लागलं नाही. पोलिसांनी विचारलं, सर घरून किती वाजता निघाले. ताईंनी वेळ सांगितली. खोटं बोलायचं नाही हे त्यांचं लग्नाआधीपासूनचं व्रत. रोज पोथीचा एक अध्याय, दिवे लागल्यावर एकच जेवण. अशा बाईला आणखी काय विचारायचं?

ताई उपकेंद्राच्या कचेरीतच नोकरीला. त्यांनी व्याख्यानमाला बंद पडू दिली नाही. फक्त प्रत्येक चिठ्ठीच्या तळाशी एक ओळ छापून घेतली : 'उद्धव सरांना शेवटचं कुणी पाहिलं असल्यास कळवावं.' विद्यार्थी त्या चिठ्ठ्या गावोगाव नेत. ज्याला लिहिता येत नाही, त्याचं म्हणणं स्वतः लिहून घेत.

दर साली चिठ्ठ्या येत. सर वसमतला हळदीच्या बाजारात दिसले. डोंगरकड्याला बसच्या खिडकीत दिसले, दाढी वाढलेली. एका म्हाताऱ्यानं तर सांगितलं, की सर भर दुपारी ओट्यावर येऊन पाणी पिऊन गेले, आणि ते बसले होते तेवढी फरशी संध्याकाळपर्यंत ओलीच राहिली. वाचताना पोरांच्या अंगावर काटा यायचा. ताई मात्र चिठ्ठी वाचून शांतपणे बाजूला ठेवायच्या.

"हे नव्हेत ते."

"एवढं खात्रीनं कसं सांगता, ताई?" जान्हवी विचारायची. ती पोरांच्या गटाची पुढारी. बोलायला लागली की थांबायची नाही.

"बायकोला कळतं गं."

"मग पुरे करायचं का आता? माझ्या बाबांनी सरपंचकीला उभं राहूनसुद्धा एवढ्या चिठ्ठ्या वाटल्या नव्हत्या."

"नाही. कुणी काही पाहिलं असेल, तर मला कळायलाच हवं. त्याशिवाय मला झोप नाही, जान्हवी."

त्या दिवशी व्याख्यान संपलं आणि जान्हवीनं एक चिठ्ठी पेटीत न टाकता ताईंच्या हातात दिली. अक्षर जान्हवीचंच. 'नानीबाई. सिद्धेश्वरला शेळ्या राखते. सरांना धरणावर पाहिलं म्हणते. बाईला एकटीलाच सांगीन म्हणते.'

चिठ्ठी त्यांनी दोनदा वाचली.

"उद्या सकाळी नेशील मला?"

दुसऱ्या दिवशी स्कूटी धरणाच्या भिंतीशी थांबली, तेव्हा नानीबाई बाभळीखाली बसून वाटच पाहत होती.

"हे पोरगं इथंच ऱ्हाऊ द्या," ती ताईंना म्हणाली. "लई बोलतं. परवा माझ्या बकरीचंबी नाव मतदार यादीत घालून राहिलं होतं."

"आजी, बकरी अठराची नव्हती म्हणून राहिलं!" जान्हवी हसली आणि गाडीला टेकून उभी राहिली.

दोघी उतारानं खाली गेल्या, भिंतीवरून दिसेनाशा झाल्या. काठाशी वारा पडला होता. पाणी इतकं निपचित, की तहानलेल्या शेळ्यासुद्धा पुढं व्हायला तयार नव्हत्या.

"इथंच उभे व्हते सर," नानीबाई म्हणाली.

"एकटे?"

"न्हाई. संगं बाई व्हती. सर लई वरडत व्हते. हात पिरगाळला त्यांनी तिचा. मंग पाण्याकडं तोंड करून उभे ऱ्हायले, अन् बाईनं..." नानीबाईनं दोन्ही तळवे पुढं ढकलून दाखवले. "वर येताना एकटीच व्हती."

ताईंनी मागं वळून भिंतीकडं पाहिलं. वरून जान्हवीचं फोनवरचं हसणं ऐकू येत होतं. मग ते थांबलं.

"तुमच्याशिवाय कुणी होतं इथं?"

"म्या अन् शेळ्या."

"आणि कुणाला सांगितलंत?"

"कुणालाच न्हाई. मालकालाबी न्हाई. त्या पोरीनं मोबाइलवर सभेचा फोटू दाखवला, तवा म्या तुमाला वळखलं बाई. हात पिरगाळलेला म्या पाहिला हाय, मी कशाला बोलू? पण तुमी दर साली लेकरं गावोगाव फिरवता, जिवाला तकलीफ करून घेता. काहून? म्हणून म्हटलं, एकटीला बोलवून सांगावं, आता बिनघोर ऱ्हावा."

"सात वर्षं मी तुम्हालाच शोधत होते, नानीबाई," ताई हळू आवाजात म्हणाल्या, आणि तिच्या पाठीमागं येऊन उभ्या राहिल्या.