उलटं सारवण

साहेब, चाकणच्या सरदार-घराचं संग्रहालय सोपवताना आत कोणी नाही, असं तुम्ही मला धडधडीत खोटं सांगितलंत.

चोपन्नच्या चैत्रापासून वर्षभर मी रखवाली केली. माझी बायको मंजुळा दर शनिवारी जमीन सारवायची. भिंतीपासून मागं सरकत उंबऱ्याशी संपवायची.

परवा कुलूप काढलं, तर मधली खोली ताजी सारवलेली. हाताचे फराटे उंबऱ्यापासून निघून भिंतीशी संपलेले. पाऊल एकही नाही.

मंजुळा हसली. "अवो, ही कोन येडी? सारवत सारवत आतच अडकली की! थांबा, दावते तिला रीत."

ती शेणाची पाटी घेऊन आत गेली. मी दारातच बिडी पेटवली आणि मान वर केली.

खोलीला दुसरं दार नाही. भिंतीशी आता दोघींच्या हातांचे फराटे आहेत. मंजुळा नाही.

माझ्याआधीच्या रखवालदाराची बायको कुठं गेली? लेखी उत्तर द्या.