विरामाशिवाय

"बंद कर ते," वाद्यवृंदाचे अध्यक्ष म्हणाले.

तिने आवाज आणखी वाढवला.

तालमीच्या खोलीत खुर्च्या अर्धगोलात मांडलेल्या होत्या. मधली तिच्या वडिलांची. ती कुणी उचलली नव्हती आणि तिच्यावर कुणी बसतही नव्हतं. तिने लॅपटॉप तिथेच ठेवला होता. रविवारच्या शोकसभेत वडिलांची कुठली रचना वाजवायची ते आज ठरायचं होतं. वाद्यवृंदाला त्यांची जुनी, गाजलेली रचना हवी होती. तिला हवी होती ही, शेवटची. हात थरथरू लागले, व्हायोलिन सुटलं, तेव्हा वडिलांनी ती संगणकावर केली होती. एकेक सूर माउसने उचलून जागेवर बसवत.

"अगं, हे कुणी वाजवतंय का?" व्हायोलिनवाल्या मावशी म्हणाल्या. "बटण दाबलं की सुरू. असं तर आमचं वॉशिंग मशीनसुद्धा कपडे झाले की गातं."

सगळे हसले. आठवडाभर रडलेली माणसं ती, हसायला काहीतरी निमित्त हवंच होतं. ती हसली नाही.

"तुमच्या मशीनचं गाणं कुणा कंपनीने भरलंय, मावशी. हे बाबांनी भरलंय. आणि व्हायोलिन तरी आपणहून कुठे वाजतं? लाकडाचा खोका आणि चार तारा. तो खोका हातातून सुटला, त्यांनी दुसरा घेतला."

"वाद घालण्यात बापावर गेलीये," मागून कुणीतरी पुटपुटलं.

अध्यक्षांनी चष्मा काढला. "बाळ, हट्ट सोड. यात विराम कुठे आहेत? तुझ्या वडिलांचं संगीत म्हणजे त्यांचे विराम. सूर ऐन रंगात यायचा आणि सगळी वाद्यं एकदम गप्प. लोक श्वास रोखून बसायचे. त्यासाठी तर तिकिटं काढायचे! आणि हे? सुटलंय आपलं सुसाट. यंत्राला थांबावं लागत नाही, म्हणून ते थांबत नाही. यात तो माणूसच नाही."

उत्तर तिच्या अगदी ओठांवर आलं.

शाळेत असल्यापासून वडिलांच्या स्वरलिप्या तीच उतरवून काढायची. एकदा तिने विचारलं होतं, ओळ पुरी झालेली नाही, मग इथेच का थांबायचं? वडिलांनी आधी दाराकडे पाहिलं होतं. मग हळूच म्हणाले होते, "बासरीवाल्या काकांचा दम इथे संपतो. छाती अधू आहे त्याची. तो एकटा थांबला तर लोकांना कळेल. सगळेच थांबले तर कुणाला कळत नाही. कुठे बोललीस तर बघ."

तिने काकांकडे पाहिलं. वडिलांचे तरुणपणापासूनचे मित्र. मांडीवर बासरी आडवी ठेवून, डोळे मिटून बसले होते.

तिने उत्तर गिळलं.

"विराम नाहीत, कारण बाबांना ते नको होते," ती म्हणाली. "रविवारी हेच वाजेल. सभागृहात नाही तर बाहेर फाटकापाशी. मी लावीन. ज्याला ऐकायचंय त्याने यावं."

"मग मतं घेऊ," अध्यक्ष म्हणाले. "जुनी रचना कुणाकुणाला हवी?"

हात वर होत गेले. मावशींनी तिच्याकडे न बघता हात वर केला. काकांचा हात तेवढा बासरीवरच राहिला.

"तुमचं काय?" अध्यक्षांनी विचारलं.

लॅपटॉपवर रचना चालूच होती. सूर चढत चढत त्या जागी आला, जिथे वडिलांच्या रचनांत आजवर सगळं थांबत आलं होतं. तिथून तो तसाच वर गेला, आणखी वर गेला आणि कितीतरी वेळ उतरलाच नाही. काकांची बोटं बासरीवर त्याच्याबरोबर चालत होती. बोटं मध्येच थांबली.

त्यांनी डोळे उघडले.

"हीच वाजवा," ते म्हणाले. "जन्मभर माझ्यासाठी थांबत आला तो. त्याला वाटत होतं मला माहीत नाही. आज पहिल्यांदा न थांबता पुढे गेलाय. जाऊ द्या त्याला."